फिनाचं रविवारचं रडणं

आमच्या घरात रडण्यासाठी अधिकृत जागा मंजूर झाली, त्या आठवड्यात नाव्हिएरो क्लब जिल्हा फुटबॉल लीगमध्ये शेवटून दुसरा होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मी तेव्हा मानत होतो. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. कार्यकारणभावावर माझा विश्वास असायला हवा, आणि आठवड्यातले सहा दिवस तो असतोही.

जागा मंजूर झाली माझ्या मुलीसाठी. तिचं नाव होसेफिना, घरात फिना, वय सहा. मार्च महिन्यात ती सुपरमार्केटमध्ये गल्ल्यासमोर आडवी झाली होती, कारण जे संत्रं तिला स्वतः सोलायचं होतं ते मी सोललं. दुसरं संत्रं तिला नको होतं. तेच संत्रं तिला पुन्हा सालासकट हवं होतं. मागे रांगेत माझे दोन विद्यार्थी आणि त्यांचे पालक उभे होते. एप्रिलमध्ये तिने वर्गातल्या एका मुलाला चावलं आणि शाळेकडून पत्र आलं. होसेफिनाच्या भावना तिच्या मानाने फार मोठ्या आहेत, असं त्यात लिहिलं होतं.

"भावना मोठ्या?" नोनो म्हणाले. नोनो म्हणजे माझे वडील, आन्सेल्मो, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम आमच्याच मागच्या खोलीत. "आमच्या वेळी कान मोठे असायचे. ओढून ओढून."

शाळेच्या समुपदेशक ओर्तेयी बाईंनी आम्हा नवराबायकोला बालवर्गाच्या खुर्च्यांवर बसवलं. गुडघे हनुवटीला लागलेला माणूस कशालाही हो म्हणतो, हे त्या खात्याला माहीत असावं. बाई म्हणाल्या, घरात एक शांत कोपरा करा. ही शिक्षा नाही. राग आला, रडू आलं की मुलीने तिथे जायचं, उशीला मिठी मारायची, रडायचं तेवढं रडायचं. तुम्ही जवळ बसा, आवाज खाली ठेवा, आणि काय वाटतंय त्याला नाव द्यायला शिकवा. रडू नकोस असं कधीही म्हणू नका.

माझी बायको नोएमी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की नंतर?"

घरात रिकामा कोपरा एकच होता. जेवणाच्या खोलीत, रेडिओचं कपाट आणि नोनोंची खुर्ची यांच्यामधला. तिथे निळी उशी आली, भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता लागला. खूश, उदास, घाबरलेला, रागावलेला. नोनोंनी चष्मा लावून तक्ता तपासला आणि म्हणाले की यातले पहिले तीन चेहरे त्यांनी आमच्या खानदानात कधी पाहिलेले नाहीत.

आता रविवारविषयी.

नाव्हिएरोचं मैदान आमच्या घरापासून नऊ गल्ल्यांवर आहे, आणि आम्ही तिथे जात नाही. तीन वर्षांपूर्वी नोनो शेवटचे गेले तेव्हा क्लबने पाच गोल खाल्ले. क्लबच्या हितासाठी त्यांनी त्या दिवसापासून मैदान सोडलं, आणि एकटे कसे बसणार म्हणून मी आणि माझा मेव्हणा एल्व्हिओ यांनीही सोडलं. तेव्हापासून आम्ही सामना रेडिओवर ऐकतो. रेडिओ केंद्राने काहीतरी नवं यंत्र बसवल्यापासून रेडिओवरचा सामना खऱ्या सामन्याच्या दहा सेकंद मागे चालतो. त्यामुळे नाव्हिएरोने गोल केला की आधी खिडकीतून आरडाओरडा येतो आणि मग समालोचकाला कळतं. समोरच्यांनी गोल केला की खिडकीतून काहीच येत नाही, आणि ते काहीच नाही फार स्पष्ट ऐकू येतं.

आमच्याकडे आपला संघ जिंकला की त्या क्षणी घरात जे जसं होतं ते पुढच्या सामन्याला तसंच ठेवतात. कोण कुठल्या खुर्चीवर होतं, कोणाच्या अंगात काय होतं, येर्बाचा कडू चहा कोणाच्या हातून कोणाकडे फिरला. यात अंधश्रद्धेचा काही भाग नाही. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर गेली अकरा वर्षं प्रत्येक सामना डाव्या पायात बूट न घालता ऐकतात, आणि ते हृदयरोगतज्ज्ञ आहेत.

जूनमधल्या पहिल्या रविवारी नाव्हिएरो सलग नऊ सामने हरून दहाव्यात मागे होता. नोएमी दुकानात होती. गावातल्या बाकीच्या फार्मासिस्टांना रविवारची पाळी नको असते, म्हणून रविवार दुपारी दोन ते आठ कायमचे तिचे. फिना जमिनीवर चित्र काढत होती. पाच वाजता तिचा लाल खडू मोडला. ती किंचाळली, मी तिला खालच्या आवाजात कोपऱ्यात नेलं, आणि तिथे, रेडिओपासून हातभर अंतरावर, ती छाती फोडून रडायला लागली.

खिडकीतून आरडाओरडा आला.

पाच मिनिटांनी ती अजून रडतच होती. पुन्हा आरडाओरडा आला. दोन एक. नाव्हिएरो जिंकला. फिना दमून उशीवर झोपली, आणि आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो. कोणी काही बोललं नाही. अशा गोष्टी बोलल्या की जातात.

पुढच्या रविवारी एल्व्हिओ तोच न धुतलेला शर्ट घालून आला. आम्ही त्याच खुर्च्यांवर बसलो. फिना मात्र मजेत होती. घोडा रंगवत गुणगुणत होती. साठ मिनिटं झाली. रेडिओने सांगितलं की समोरच्यांनी गोल केला. नोनोंनी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि नातीच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"छान कुत्रा काढलास," ते म्हणाले.

"घोडा आहे तो."

"असं? मला वाटलं कुत्रा. पोटात दुखणारा कुत्रा."

फिना रडत कोपऱ्यात गेली, आणि सामना बरोबरीत सुटला. त्या दुपारी मी माझ्या वडिलांना काही बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी काही बोललो नाही. मी विचार केला की ते म्हातारे आहेत, त्यांना दिसतं कमी, आणि एक गुण हा एक गुण असतो.

तिसऱ्या रविवारी मी स्वतः तिचं बिस्किट मोडलं. आमच्याकडे आल्फाहोर नावाचं बिस्किट असतं. दोन बिस्किटं आणि मध्ये आटवलेलं गोड दूध. फिनाला ते अखंड लागतं. तुटलेलं आल्फाहोर तिच्या लेखी मेलेलं असतं. मी ते वेष्टनातच अंगठ्याने दाबलं आणि तिच्या हातात दिलं. सत्तराव्या मिनिटाला आम्ही आघाडीवर गेलो. मी तिच्याजवळ कोपऱ्यात बसलो, आवाज खाली ठेवला, पाठीवरून हात फिरवला. अगदी बाईंनी सांगितलं होतं तसं. आमच्याकडे जूनमध्ये हिवाळा असतो, आणि त्या हिवाळ्यात मी फार चांगला बाप होतो, फक्त पाच वाजून गेल्यावर.

गंमत म्हणजे कोपऱ्याचा उपयोग व्हायला लागला होता. सोमवार ते शनिवार फिना चक्क सुधारत होती. एका मंगळवारी तिने दात घासता घासता जाहीर केलं, "आई, मला राग आलाय. पण छोटा आहे. उंदराएवढा." नोएमी न्हाणीघरात जाऊन आनंदाने रडली. ती रोज फ्रिजवरच्या कागदावर नोंद करायची. सोमवारी शून्य, मंगळवारी एक, बुधवारी शून्य. आणि रविवारी, न चुकता, पाच ते साडेपाचच्या दरम्यान, एक मोठं.

हा कागद ओर्तेयी बाईंनी बराच वेळ निरखला.

"रविवार संध्याकाळ," त्या म्हणाल्या. "ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी शाळा असते ना, त्याची धास्ती. अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. दप्तर शनिवारीच भरून ठेवा."

"घरात रविवारी आणखी काही वेगळं घडतं का?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मी घरीच असतो."

आम्ही दप्तर शनिवारी भरू लागलो. नाव्हिएरो शेवटून चौथा झाला.

सप्टेंबरच्या अखेरीस हंगामातला शेवटचा सामना आला. मैदान घरचं. जिंकलो तर पहिल्या विभागात राहणार, बरोबरी झाली तरी खाली जाणार. नाव्हिएरो एक्केचाळीस वर्षं पहिल्या विभागात होता. नोनो त्याच्या पहिल्या संघात राखीव गोलरक्षक होते आणि एकही सामना खेळले नव्हते, त्यामुळे त्यांच्या मनात क्लबची प्रतिमा निष्कलंक होती. ते सकाळपासून जेवले नाहीत. "खाली जाण्याआधी मी वर जाईन," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

पहिला अर्धा सामना शून्य शून्य. फिना कोपऱ्याशेजारी बसून कागदाची टोपी करत होती. पाचला दहा कमी असताना नोनोंनी सुरुवात केली.

"काय गं, टोपी आहे की चुरगळलेलं वर्तमानपत्र?"

फिनाने टोपीकडे बघितलं. "थोडी चुरगळलीय," ती म्हणाली. "माझी पहिलीच आहे."

एल्व्हिओने माझ्याकडे बघितलं. मी खिशातून आल्फाहोर काढलं. दाबलेलं. तिने वेष्टन उघडलं, आतला चुरा पाहिला, डोळे मिटले, नाकाने श्वास घेतला आणि तोंडाने हळूच सोडला, केकवरची मेणबत्ती विझवल्यासारखा.

"चमचा दे," ती म्हणाली.

तिने तो चुरा चमच्याने खाल्ला. नोनोंचा चेहरा पांढरा पडला. त्या घरात एवढं मानसिक आरोग्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पन्नासाव्या मिनिटाला एल्व्हिओने तिची बाहुली फ्रिजवर ठेवली. फिनाने खुर्ची ओढली, वर चढली, बाहुली घेतली आणि खाली उतरून मामासमोर उभी राहिली.

"मामा, तू मला रडवायला बघतोयस."

"मी? छे गं. मी कशाला?"

"मला कळतं. तुझं तोंड तक्त्यातल्या घाबरलेल्यासारखं झालंय."

साठ मिनिटं. पासष्ट. समालोचकाचा आवाज आजाऱ्याजवळ बोलावं तसा झाला होता. एल्व्हिओने विचारलं की तो स्वतः रडला तर चालेल का. त्याने कोपऱ्यात बसून प्रयत्नही केला.

"खोटं आहे," नोनो म्हणाले. "चेंडूला कळतं."

मग मी खाली बसलो. मी हे कबूल करतो. मी सहा वर्षांच्या मुलीसमोर गुडघे टेकले आणि म्हणालो, "फिना, राणी, थोडंसं रडशील? पापासाठी?"

"पण मला रडायला येत नाहीये."

"काहीतरी वाईट आठव."

"काय?"

"ते चावलेलं आठव. ते संत्रं आठव."

"संत्र्याचं मी सोडून दिलं," फिना म्हणाली.

आणि दारातून नोएमीचा आवाज आला. "काय चाललंय?"

औषधांच्या दुकानातली वीज गेली होती म्हणून ती लवकर परतली होती. तिने गुडघ्यावरचा मी बघितला, कोपऱ्यात उशीला मिठी मारलेला स्वतःचा भाऊ बघितला, पोटाशी फिनाची कागदी टोपी धरलेले नोनो बघितले. नोएमी हुशार बाई आहे. फ्रिजवरचा कागद तिने चार महिने स्वतः भरला होता. तिची नजर कागदावर गेली, मग रेडिओवर, मग माझ्यावर आली.

"दर रविवारी?" तिने विचारलं.

मी गुडघ्यांवरून उठलो.

"जाड्या," ती म्हणाली. ती मला लाडाने जाड्या म्हणते, पण तेव्हा लाड कुठेच नव्हता. आवाज मात्र खाली, सपाट, बाईंनी शिकवला होता अगदी तसा. "मला राग आलाय. खूप मोठा. मी त्याला नाव देतेय. मी श्वास घेतेय."

"मोठ्याने, पोरी," नोनो अजिजीने म्हणाले. "देवासाठी, जरा मोठ्याने. अजून वीस मिनिटं आहेत."

चार महिने त्या बाईने एकदाही आवाज चढवला नव्हता. तिने तो सगळा साठा तेव्हा बाहेर काढला. त्यात नोनो होते, एल्व्हिओचा शर्ट होता, शनिवारी भरलेली बारा दप्तरं होती, आणि मी बराच होतो. समोरच्या घरातल्यांनी रेडिओ बंद केला, कारण आमचं जास्त चांगलं ऐकू येत होतं. खिडकीतून मात्र काहीच आलं नाही.

ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा फिनाने मला विचारलं, "पापा, ती बिस्किटं तू मुद्दाम मोडायचास?"

मी खोटं बोलू शकलो असतो. सुचतही होतं. वेष्टनं, दुकानदार, वाहतूक. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू उत्तर तिला माहीत आहे आणि ते मी देतो का एवढंच बघायचं आहे.

"हो," मी म्हणालो.

"सगळी?"

"सगळी."

ती कोपऱ्यात गेली नाही. ती टेबलाखाली गेली, टेबलक्लॉथ खाली ओढला आणि आत बसून रडायला लागली. हे रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात किंचाळणं नव्हतं, पाय आपटणं नव्हतं. कोणीतरी दाराबाहेर उभं आहे आणि बेल वाजवायची की नाही ते त्याला ठरवता येत नाहीये, तसा तो आवाज होता.

खिडकीतून आरडाओरडा आला. तसा आरडाओरडा मी त्या मैदानावरून याआधी ऐकला नव्हता. गाड्यांचे भोंगे, कुत्री, कोणीतरी भांडी बडवत होतं. दहा सेकंदांनी समालोचकाला समजलं आणि तो रडायला लागला. खोलीत कोणी जागचं हललं नाही. एल्व्हिओचे दोन्ही हात वर गेले होते. त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याच हातांनी डोकं खाजवलं.

नाव्हिएरो पहिल्या विभागात राहिला. रात्री सगळं गाव चौकात नाचत होतं. आमच्या घरातून कोणी गेलं नाही.

फिना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बुधवारी मी तिच्या पलंगाच्या कडेला बसलो.

"फिना, माझं चुकलं. पण क्लब खाली गेला असता तर नोनोंना..."

"पण नको," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "बाई म्हणतात, पणच्या आधीचं सगळं पुसलं जातं."

मी पुन्हा सुरुवात केली. "मी तुझी बिस्किटं मोडली, ते वाईट केलं. म्हणजे तुला नवीन बिस्किट तर मी दरवेळी दिलंच..."

"हेपण पणच आहे."

माणूस पंचवीस वर्षं वर्गात बोलतो आणि एक वाक्य पूर्णविरामावर थांबवता येत नाही. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "तू रडलीस की मला बरं वाटायचं. तुला वाईट वाटत असताना मला बरं वाटायचं. माझं चुकलं."

आणि तोंड मिटून बसलो. ते फार अवघड होतं. पुढचा शब्द दातांच्या मागे उभा होता.

मग फिना वळली.

"अजून आहे राग," ती म्हणाली. "मांजराएवढा."

"बरं."

"तू बस. तो जाईपर्यंत."

मी बसलो. तो साधारण शुक्रवारी गेला.

नोनोंनी माफी मागितली नाही. त्यांनी तिला, सामना नसलेल्या दिवशी मैदानावर जाऊन आणलेला गवताचा तुकडा दिला, जो त्यांच्या हिशेबात माफीपेक्षा मोठा होता, आणि घोड्याच्या चित्राला घोडा म्हणाले. एल्व्हिओने शर्ट धुतला.

मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या रविवारी दुपारी दीड वाजताच फिना दारात बूट घालून तयार होती. यापुढे रविवारी ती आईबरोबर दुकानात जाणार होती. तिथे तिला मापाचे चमचे धुवायला मिळणार होते. हा निर्णय तिने एकटीने घेतला होता आणि जेवताना कळवला होता. नोनोंनी रेडिओ लावला. समोरचा संघ मागच्या वर्षीचा विजेता होता. आम्ही तिघं आपापल्या खुर्च्यांवर बसलो, आणि मधला कोपरा इतका रिकामा दिसत होता की एल्व्हिओने त्यात स्वतःचं जाकीट ठेवलं.

"पोरी," नोनो दाराकडे बघत म्हणाले, "आम्ही काय करायचं गं मग?"

फिनाने बुटाची नाडी नीट ओढली. आईचा हात धरला. आणि आजोबांना, मामाला आणि मला ती समजावणीच्या, खालच्या आवाजात म्हणाली, "रडायला आलं तर रडा. मी आठला येते."